काटाघरातली मेहरून टिकली

तमाम जनतेस अत्यंत गंभीर मुद्रेने कळवण्यात येते की, हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगच्या काटाघरात, ऐन दसऱ्याच्या दिवशी, कॉम्प्युटरच्या पडद्यावर चिकटवलेली एक मेहरून टिकली मूळ जागेवरून उचलून वीतभर पलीकडे नेऊन बसवण्यात आली. या कृत्यामुळे तीन गाड्या कापसाचं वजन या जगातून नाहीसं झालं, एका बाईची नोकरी टांगणीला लागली आणि पुण्याहून एक मुलगी विमानात बसून नागपूरला उतरली. सदर कृत्य करणारा इसम अद्याप मोकळा फिरत असून प्रस्तुत मजकूर तोच लिहीत आहे.

आता हसायला येतं. तेव्हा मला खरोखर दरदरून घाम फुटला होता.

मी एका मोठ्या कंपनीत डिस्पॅचचा बाबू आहे. कंपनी इतकी मोठी, की तिचा मालक गोरा आहे की सावळा हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. कापूस घ्यायचा, सरकी वेगळी काढायची, रुईच्या गठाणी बांधायच्या, सरकीचं तेल काढायचं, अशी कामं करणारी तिची युनिटं कितीतरी जिल्ह्यांत पसरली आहेत. आमचं युनिट वडनेरच्या रस्त्यावर आहे. हंगामात फाटकासमोर गाड्यांची रांग लागते. त्यात अल्लीपूरकडच्या मेटॅडोर असतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात, आणि मधूनच एखादी हट्टी बैलबंडी सगळ्यांना थांबवून धरते.

कंपनी मोठी म्हणून तिचे कॉम्प्युटरचे प्रोग्रामही पुष्कळ. फाटकावर गाडी नोंदवायचा वेगळा, काट्यावर वजन घ्यायचा वेगळा, कापसाची प्रत लिहायचा वेगळा, गठाणींचा वेगळा, सुट्टीचा वेगळा. हे सगळे निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या माणसांनी, एकमेकांचं तोंड न पाहता करून दिले होते. एकाच घरात पाच सुना आणि पाच चुली असाव्यात तसा प्रकार. एका प्रोग्रामात तारीख आधी तर दुसऱ्यात महिना आधी. एकात लाल रंग म्हणजे धोका, तर दुसऱ्यात लाल रंग म्हणजे काम फत्ते. सुट्टीच्या प्रोग्रामात तर कमालच होती. अर्ज मागे घ्यायला गेलं की तो विचारायचा, कॅन्सल करायचं का? आणि खाली दोन बटणं, एक ‘ओके’ आणि एक ‘कॅन्सल’. चुकीच्या तारखेचा अर्ज मागे घेऊन नवा टाकायला म्हणून त्या बटणांपुढे मी एकदा पाऊण तास बसलो आणि शेवटी साळ्याच्या लग्नाला न जाता कामावर आलो. बायको अजून मानत नाही की हा कॉम्प्युटरचा दोष होता.

आता काटाघर. फाटकाला लागूनच एक खोली, तिला रस्त्याच्या बाजूने खिडकी, आणि खिडकीत आमच्या वहिनी. मी त्यांना वहिनी म्हणतो, त्या मला भाऊ म्हणतात; नातं एवढंच. वहिनी वडनेरच्या. घरी भाजीपाल्याचं शेत, मुख्यतः वांगी. त्या आल्या की काटाघरात आधी ताज्या वांग्यांचा वास येई आणि मग त्या येत. चौदा हंगाम त्या काट्यावर होत्या. काट्यावर बसणारी बाई आमच्या सबंध कंपनीत दुसरी नव्हती.

वहिनींची एक पद्धत होती. गाडी काट्यावर चढली, आकडा स्थिरावला, की त्या खिडकीतून मान बाहेर काढून वजन मोठ्यानं ओरडून सांगायच्या आणि विचारायच्या, “पक्कं?” गाडीवाल्यानं “पक्कं!” असं उत्तर दिल्याशिवाय त्या बटणाला हात लावत नसत. रांगेतल्या पाठच्या दोन-चार गाड्यांनाही ते ऐकू जाई. नव्या माणसाला वाटायचं इथे भांडण चाललंय. पण या एका शब्दासाठी लोक दुसरे काटे सोडून आमच्याकडे येत, हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

अडचण बटणाची होती. एकच गाडी, आणि तिच्यासाठी वहिनींना लागोपाठ दोन प्रोग्राम चालवावे लागत. आधी फाटकाचा, मग काट्याचा. फाटकाच्या प्रोग्रामात नोंद पक्की करायचं बटण पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात. काट्याच्या प्रोग्रामात तेच बटण डाव्या कोपऱ्यात. आणि काट्याच्या प्रोग्रामातल्या उजव्या कोपऱ्यात काय? तर सगळं पुसून टाकायचं बटण! म्हणजे एका मिनिटापूर्वी ज्या जागी दाबून नोंद झाली, त्याच जागी आता दाबलं की नोंद गेली. अक्षरं इंग्रजी, मुंगीएवढी, वर खिडकीतून येणारं ऊन पडद्यावर. तुमचा हात तुम्ही किती सांभाळाल? मागच्या हंगामात वहिनींच्या हातून एकदा वजन पुसलं गेलंच होतं. मॅनेजर साहेबांनी वरती कळवलं. वरून उत्तर आलं, ऑपरेटरने लक्ष देऊन काम करावे.

त्यावर वहिनींनी जो उपाय काढला, तो पाहून मी मनातल्या मनात शिट्टी मारली होती. त्यांनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. हिरवी टिकली उजव्या कोपऱ्यात लावली, ती फाटकाची. मेहरून टिकली डाव्या कोपऱ्यात लावली, ती काट्याची. पडद्याच्या काचेवर, बरोबर बटणाच्या डोक्यावर. बस्स. माउसचा बाण टिकलीखाली न्यायचा आणि दाबायचं. इंग्रजी वाचायची गरज नाही, डोळे ताणायची गरज नाही. वर्षभर एक चूक झाली नाही.

आणि मग दसरा आला, आणि दसऱ्याबरोबर मी आलो.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. जिनच्या यंत्रांना, प्रेसला, काट्याला हळद-कुंकू आणि झेंडू. मी दरवर्षी या कार्यक्रमाचा स्वयंघोषित सूत्रधार. माईक नसला तरी माझा आवाज गोदामाच्या टोकापर्यंत जातो. त्या दिवशी वहिनींची सुट्टी होती. काटाघराची पूजा मी अंगावर घेतली. कॉम्प्युटरवर रुईच्या धुळीचा थर होता. मी ओलं फडकं घेतलं आणि पडदा असा चकाचक पुसला, की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. फडक्याला काहीतरी चिकटलं होतं. पाहतो तर मेहरून टिकली.

हिरवी घट्ट चिकटलेली होती, ती जागची हलली नव्हती. मेहरून कुठे होती? डावीकडे की वर? आठवेना. मी दोन पावलं मागे सरून, नेपथ्य पाहावं तसं पाहिलं. हिरवी टिकली कोपऱ्यात एकटीच, बिचारी. मला वाटलं, सणाचा दिवस आहे, जोडी असलेली बरी. मी मेहरून टिकली थुंकी लावून हिरवीच्या शेजारी बसवली, दोघींना कुंकवाचं बोट लावलं, नारळ फोडला आणि घरी जाऊन पुरणपोळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी हंगामाची खरी गर्दी सुरू झाली. वहिनी आल्या, पडदा चमकतोय हे पाहून खूश झाल्या. पहिली गाडी. वजन ओरडलं, पक्कं विचारलं, बाण मेहरून टिकलीखाली नेला, दाबलं. पडदा कोरा झाला. नोंद पक्की झाली तरी तो कोराच व्हायचा, पुसली गेली तरी कोराच. प्रोग्राम त्याबद्दल एक अक्षर बोलायचा नाही. दुसरी गाडी. तिसरी गाडी. तोवर पहिली गाडी कापूस ढिगावर रिकामा करून परत काट्यावर आली, रिकाम्या गाडीचं वजन द्यायला. वहिनींनी नंबर टाकला. कॉम्प्युटर म्हणाला, या नंबराची गाडी आलेलीच नाही.

“आलेलीच नाई म्हंते!” वहिनी खिडकीतून ओरडल्या.

“आलो नाई त मी काय भूत हाओ का?” गाडीवाला म्हणाला.

तिन्ही गाड्यांचा कापूस एव्हाना ढिगात मिसळून गेला होता. कोणाचा किती, हे देवालाही सांगता आलं नसतं. रांगेत गलका झाला. मॅनेजर साहेब नागपूरचे, ते चिडले की हिंदीत जातात, ते धावतच आले, “क्या हो रहा है यार, क्या हो रहा है?” आणि त्या वेळी जे घडलं ते मी कधी विसरणार नाही. तिन्ही गाडीवाल्यांनी आपापलं वजन धडाधड किलोपर्यंत सांगितलं. पाठच्या गाडीवाल्यांनी पुढच्याचं सांगितलं. “वहिनी बोलली नं, आमी आयकलं.” सगळ्यांचे आकडे जुळले. कॉम्प्युटरच्या पोटातून गेलेलं वजन रांगेतल्या माणसांच्या कानात शाबूत होतं.

गाड्यांचं निभावलं. वहिनींचं निभावलं नाही. साहेबांनी त्यांना आत बोलावलं. मी दाराशी कागद चाळण्याचं नाटक करत उभा होतो. साहेब वाईट माणूस नाही, पण मागच्या चुकीवर वरून आलेला कागद त्यांच्या टेबलावर होता. ते म्हणाले, “वहिनी, ही दुसरी वेळ. तिसरी झाली की मला तुम्हाला काट्यावरून काढावं लागेल. इथे दुसरी जागा नाही, मराठवाड्यातल्या युनिटला पाठवतील.” मराठवाड्याला जाणं म्हणजे नोकरी सोडणं, हे साहेबांनाही माहीत होतं. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, शेत, पोरं. वहिनी एवढंच म्हणाल्या, “साहेब, मी टिकलीखालीच दाबलं. चौदा हंगाम झाले. मले कळत नाई का डावं-उजवं?”

आणखी एक शिक्षा झाली. हंगामभर वहिनींच्या शेजारी एक स्टूल ठेवायचं आणि त्यावर कोणीतरी बसून प्रत्येक नोंद तपासायची. हे कोणीतरी म्हणजे कोण? साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. मी, ज्यानं टिकली हलवली, तो वहिनींवर पहारेकरी नेमला गेलो! एवढा विनोद मला कधी सुचला नसता.

स्टुलावर बसलो आणि पहिल्याच तासाला मला दिसलं. मेहरून टिकली उजवीकडे. डावं बटण उघडं. दसऱ्याचं ते ओलं फडकं मला आठवलं.  वहिनींनीही ते एव्हाना पाहिलं होतं. टिकली उचलून त्यांनी जागेवर लावली आणि स्वतःशीच पुटपुटल्या, “घामानं सरकली असन.” मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. टिकली घामानं वीतभर सरकत नाही, हे एक लहान लेकरूही सांगेल.

पंधरा दिवसांनी साहेबांनी मला हायवेवरच्या जाम गावाच्या चौकात पाठवलं. पुण्याच्या हेड ऑफिसची एक मॅडम विमानानं नागपूरला उतरून बसनं येणार, त्यांना घेऊन ये म्हणाले. मला वाटलं, चौकशी अधिकारी. बसमधून उतरली ती जीन्स घातलेली, पाठीवर बॅग, माझ्या पुतणीच्या वयाची मुलगी. मोटारसायकलवर बसण्याआधी तिनं आलुबोंडा मागितला, आणि तिखट लागल्यावर डोळ्यांतून पाणी काढत दुसरा मागितला. मला ती आवडली. मी विचारलं, “तुम्ही नक्की काय करता?” ती म्हणाली, “काका, मी बटणं करते.”

“शर्टाची?”

“कॉम्प्युटरची.” तिनं गंभीरपणे सांगितलं. कंपनीचे सगळे प्रोग्राम आता नव्यानं होणार आहेत, पण त्याआधी सगळ्यांसाठी मिळून एकच संच ठरवायचा आहे. बटण कसं, कुठे, त्यावर शब्द कोणता, चूक झाली तर कॉम्प्युटरनं काय बोलायचं. डिझाइन सिस्टिम म्हणतात त्याला. मग कोणीही प्रोग्राम करो, त्यानं याच संचातले तुकडे घ्यायचे. “तुमच्याकडे तीन गाड्यांची वजनं गेली म्हणे, म्हणून आधी इथेच पाहायला आले. सहा जण आहोत आम्ही. मुख्य बटणाचे कोपरे किती गोल असावेत यावर तीन आठवडे चर्चा झाली.”

माझं लग्न दोन बैठकांत ठरलं होतं. मी मोटारसायकलचा तोल सावरला.

काटाघरात शिरल्यावर तिनं खुर्ची घेतली नाही. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि पाहत राहिली. दोन तास. वहिनींना सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं, मग त्या तिला विसरल्या. मुलगी मात्र एकदम उठली आणि पडद्यावर नाक टेकेल इतकी पुढे गेली.

“काकू, हे काय आहे?”

वहिनींनी झटकन टिकलीवर हात ठेवला. “काढतो, काढतो. माह्याच होत्या.”

“नका काढू! प्लीज नका काढू!” ती जवळजवळ किंचाळली. तिनं मोबाईलवर टिकल्यांचे चारी बाजूंनी फोटो घेतले. मग वहिनींनी समजावून सांगितलं, हिरवी कशाची, मेहरून कशाची. मुलगी ऐकत होती आणि तिचा चेहरा एकेका वाक्यागणिक उतरत होता. शेवटी ती म्हणाली, “म्हणजे एकाच जागी, एका प्रोग्राममध्ये ठेवणं आणि दुसऱ्यात पुसणं?”

“हाव नं. आन पुसलं तरी सांगत नाई.” वहिनींनी मानेनं कॉम्प्युटरकडे खूण केली. “पोरी, एक विचारू का? आमच्या घरी वांग्याचे कॅरेट पाच जणं भरते. मी, जाऊ, दीर, पोरं. पण मंडीत कोणाले सांगता येत नाई की हे कोणं भरलं. सासऱ्याचा नियम हाय, देठ डावीकडं, मोठं खाली, किडकं घरी. सगळे तसंच भरते. अडत्या डोळे मिटून हात घालते, त्याले माहीत हाय काय लागन.” आणि मग त्यांनी अगदी साध्या चेहऱ्यानं विचारलं, “एवढी मोठी कंपनी तुमची, तिले सासरा नाई का?”

मुलगी हसत सुटली. मग हसता हसता थांबली. “नव्हता, काकू. आता आम्ही सहा जण मिळून तेच व्हायला निघालोय.”

“मंग जरा लवकर व्हा. नाई तं मले मराठवाड्याले धाडते.”

हे कसं काय, असं मुलीनं विचारलं, आणि मॅनेजर साहेब, जे एव्हाना दारात येऊन उभे होते, त्यांनी दसऱ्यानंतरची सगळी हकीकत सांगितली. ऑपरेटरची दुसरी चूक वगैरे. वहिनी खाली मान घालून बसल्या होत्या. आणि तिथे, स्टुलावर, मला एकाएकी ते सहन होईना. आयुष्यात मी कितीतरी भाषणं ठोकली, पण हे सगळ्यात लहान होतं.

“साहेब, टिकली मी हलवली.”

“क्या?”

“दसऱ्याला. पडदा पुसताना निघाली. मग मी ती हिरवीच्या बाजूला लावली.”

“पण का?”

“जोडी चांगली दिसत होती, साहेब.”

 वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता वांगं फेकून मारतात. त्या म्हणाल्या, “भाऊ! पंधरा दिवस माह्या बाजूला बसून राह्यले आन एक शब्द नाई?” मी कान पकडले. अक्षरशः, दोन्ही हातांनी. “काऊन नाई सांगतलं?” मी कान आणखी घट्ट धरले.

साहेबांनी लगेच ठरवलं की आता चूक माझ्या नावावर लिहायची. पण मुलीनं डोकं हलवलं. “नाही सर. काकूंच्या नाही, काकांच्याही नाही. एक टिकली सरकली म्हणून तीन गाड्यांचं वजन जातं, तर चूक बनवणाऱ्यांची. आमची. मी तसं लिहून पाठवते.” आणि तिनं तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून लिहायला सुरुवात केली.

मोठ्या कंपनीत मी अर्धं आयुष्य काढलं. ‘चूक आमची’ हे दोन शब्द वरून खाली येताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. साहेबांनीही बहुधा पहिल्यांदाच ऐकले असावेत, कारण त्यांनी चहा मागवला.

चहा पिताना तिनं आम्हाला तो संच दाखवला. एका पानावर नुसती बटणं, ओळीनं मांडलेली, नवी कोरी. मग दुसऱ्या पानावर आमचे पाच प्रोग्राम, नव्या रूपातले, अर्धवट. सगळ्यांत मुख्य बटण उजव्या कोपऱ्यात. त्यावर लिहिलं होतं ‘सबमिट’. तिनं वहिनींना विचारलं, “तुम्ही इथे काय लिहाल?”

“मी तं पक्कंच म्हंतो.”

मुलीनं पहिल्या पानावरच्या एकाच बटणातला शब्द खोडला आणि तिथे ‘पक्कं करा’ असं टाईप केलं. फक्त एका जागी. मग तिनं दुसरं पान उघडलं.

मी शपथेवर सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. फाटकाच्या प्रोग्रामात ‘पक्कं करा’. काट्याच्या प्रोग्रामात ‘पक्कं करा’. गठाणीच्या, प्रतीच्या, सुट्टीच्या, सगळीकडे एकदम. तिनं कुठेच हात लावला नव्हता. “मूळ बटण एकच असतं, काका. बाकी सगळी त्याची छाया. मूळ बदललं की सगळ्या युनिटांत बदलतं.” म्हणजे वडनेरची एक बाई वांग्याच्या वासाच्या खोलीत बसून एक शब्द बोलली, आणि जिथे आम्ही जन्मात जाणार नाही अशा गावांतल्या, कधी न पाहिलेल्या माणसांच्या पडद्यावर तो शब्द उमटणार होता. गणपतीच्या आरतीला मोठमोठ्या झांजा वाजवतानाही मी इतका भारावलो नव्हतो. वहिनी मात्र पडद्याकडे तिरक्या नजरेनं पाहत म्हणाल्या, “आधी माह्याच काट्यावर उमटू दे.”

जाताना मुलीनं वहिनींकडे टिकल्यांचं पाकीट मागितलं. त्यांनी दिलं. कशाला, ते तिनं सांगितलं नाही.

तिचं पत्र वर पोचलं, पण दोन चुकांचा कागद काही परत आला नाही. साहेब म्हणाले, नवीन प्रोग्राम आला की पहिल्या दिवशी मी स्वतः मागे उभा राहीन, तेव्हा ठरवू. तोवर स्टूल राहील. स्टूल राहिलं, मीही राहिलो. तो हंगाम मी वहिनींच्या शेजारी बसून काढला. पहिले चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, पाचव्या दिवशी भरल्या वांग्यांचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, “खा. पण कायले हात लावजो नको.”

पुढच्या हंगामाच्या तोंडावर नवा प्रोग्राम आला, आणि त्याच्याबरोबर नवा कॉम्प्युटर. वरून फतवाही आला: पडद्यावर काहीही चिकटवू नये. साहेबांनी तो काटाघराच्या भिंतीवर स्वतः डकवला.

पहिली गाडी अल्लीपूरची, मेटॅडोर, कापसानं वरपर्यंत भरलेली. वहिनी खुर्चीत, मी स्टुलावर, साहेब मागे हात बांधून उभे. रांगेतली माणसं पाहायला मुद्दाम खिडकीपाशी लोटलेली. बातमी गावोगाव गेली होती.  वहिनींनी नव्या पडद्यावर फाटकाची नोंद उघडली.

“वहिनी!” साहेब मागून ओरडले. “फतवा वाचला नाही का? टिकली काढा आधी!”

आम्ही पाहिलं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, ‘पक्कं करा’ या शब्दांच्या आधी, एक गोल, मेहरून टिकली.

“मी नाई लावली, साहेब! माय शपथ!” वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर केले. मी त्या खोलीत फडकंसुद्धा घेऊन शिरलो नव्हतो. वहिनींनी नखानं टिकली खरवडली. निघेना. पुन्हा खरवडली. नवी काच किरकिरली.

“अवो वहिनी, गाडी तापून राह्यली!” बाहेरून मेटॅडोरवाला ओरडला.

वहिनींनी टिकली तशीच ठेवून तिच्यावर बाण नेला आणि दाबलं. पडदा कोरा झाला नाही. मोठ्या अक्षरांत आलं: गाडी नोंदवली. मग काट्याचा प्रोग्राम उघडला. बटण उजव्या कोपऱ्यातच, आणि त्यावर तीच टिकली. आकडा स्थिरावला. वहिनींनी मान खिडकीबाहेर काढली, वजन ओरडलं, “पक्कं?” मेटॅडोरवाला आणि पाठच्या पाच जणांनी एका सुरात “पक्कं!” म्हटलं. त्यांनी दाबलं. मोठ्या अक्षरांत वजन आलं आणि खाली दोन शब्द: पक्कं झालं. पावती निघाली. साहेबांनी ती उचलली, काट्याच्या आकड्याशी ताडली, पुन्हा ताडली. मग खात्री करायला म्हणून त्यांनी वहिनींना पुसायचं बटण दाबायला लावलं. ते लांब, डाव्या टोकाला होतं, टिकलीशिवायचं, आणि त्यानं आधी विचारलं: हे वजन खरंच पुसायचं का?

 साहेबांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, मला उठवलं, आणि ते स्टूल स्वतःच्या हातानं उचलून बाहेर नेऊन ठेवलं.

वहिनींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या एकामागून एक प्रोग्राम उघडत होत्या, गठाणींचा, प्रतीचा, सुट्टीचा, आणि प्रत्येकात उजव्या कोपऱ्यात ती टिकली त्यांची वाट पाहत बसलेली होती. त्यांनी काचेवर बोट ठेवलं, मग बोट उचलून नीट पाहिलं. बोटाला काहीच लागलं नव्हतं. आणि मग त्या रांगेतल्या शेवटच्या बंडीपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं ओरडल्या,

“अवं माय! भाऊ, पाहा नं! माही टिकली काचेच्या आतमंदी जाऊन बसली!”